चहा, बटाटा आणि पाच मात्रांचा बार

हा भाग जे ऐकतायत त्यांना मागे एक घरघर ऐकू येईल. तो गाडीचा हीटर आहे, सांभाळून घ्या. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रेकॉर्ड करतेय, कारण माझी रियाजाची खोलीही हीच आहे. अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजाऱ्याची शिंक ऐकून आपण ‘ब्लेस यू’ म्हणावं. तिथे रात्री नऊ वाजता क्लॅरिनेट काढलं तर पोलीस येतील. म्हणून मागची सीट, मांडीवर लॅपटॉपची बॅग, त्यावर नोटेशनची फाइल, आणि डॅशबोर्डवर मेट्रोनोम लावलेला फोन. नेहमीप्रमाणे बोललेलंच खाली उतरवलंय, त्यामुळे वाक्यं कुठे लोंबकळली तर समजून घ्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की नोकरी करणाऱ्या माणसाने आवाक्याबाहेरचं संगीत कसं बसवायचं? क्लास नाही, गुरू नाही, दिवसाला फार तर अर्धा तास. मी यातली तज्ज्ञ नाही. पण या वर्षी माझ्यावर ती वेळ आली होती, म्हणून जे घडलं ते आणि त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी थोडं मागचं. शाळेच्या बँडमध्ये सहावीत माझ्या हातात क्लॅरिनेट आलं, कारण ट्रम्पेट संपले होते. दहावीनंतर ते माळ्यावर गेलं. पुण्यात कॉलेजला असताना पाच वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला. मग इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये आले, आणि तीन वर्षांपूर्वी लायब्ररीच्या फळ्यावर एक कागद दिसला: गावाचा बँड, ऑडिशन नाही, मंगळवारी सात वाजता, हायस्कूलच्या बँडरूममध्ये. ऑडिशन नाही हे वाचूनच मी गेले.

इथला कम्युनिटी बँड म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हायोलिन वगैरे तारवाद्यं नाहीत. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पितळी वाद्यं आणि ड्रम. आमच्यात पन्नासेक माणसं आहेत. दाताचा डॉक्टर आहे, शाळेची बस चालवणाऱ्या बाई आहेत, दोन कॉलेजची पोरं आहेत, बरेचसे निवृत्त आहेत. पैसे कुणालाच मिळत नाहीत. उलट नोटेशन विकत आणायला आपणच वर्गणी भरायची. थोडक्यात पथकासारखंच, फक्त नदीकाठ नाही आणि वडापाव नाही.

तर गेल्या मार्चमधल्या कार्यक्रमात मी माती खाल्ली. एका तुकड्यात पाच मात्रांचे बार होते. सगळा बँड एका ठिकाणी गप्प होतो, एक श्वास, आणि मग सगळे एकदम. मी एक मात्रा आधी घुसले. त्या शांततेत, अख्ख्या हॉलमध्ये, एकटं माझं क्लॅरिनेट. तेही नेमकं चिरकलं. पुढे काय केलं सांगू? उरलेला अर्धा कार्यक्रम मी वाजवलाच नाही. तोंडात क्लॅरिनेट, बोटं हलतायत, हवा शून्य. कुणी काही बोललं नाही. शेजारी बसणारे आजोबा (ते आजोबाच आहेत, ७१ वर्षांचे, निवृत्त प्लंबर) घरी जाताना फक्त म्हणाले, “ये हं पुढच्या मंगळवारी.” मी दोन महिने गेले नाही.

सप्टेंबरमध्ये नवीन हंगाम सुरू झाला तेव्हा ‘एकदा बघू’ म्हणून गेले. आणि स्टँडवर ‘लिंकनशायर पोझी’ ठेवलेलं.

बँडवाल्यांच्या जगात हे नाव ऐकून काहींचे डोळे चमकतात आणि काहींच्या पोटात गोळा येतो. पर्सी ग्रेंजर हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला संगीतकार. १९०५-०६ च्या सुमारास तो इंग्लंडमधल्या लिंकनशायर भागात फिरला आणि म्हाताऱ्या गाणाऱ्यांकडून लोकगीतं गोळा केली. १९०६ पासून तो सोबत फोनोग्राफ नेऊ लागला, मेणाच्या नळीवर आवाज कोरणारं यंत्र. त्या काळात इंग्लंडमध्ये लोकगीतं गोळा करणारे बाकीचे लोक कागद-पेन्सिल घेऊन फिरत होते, त्यामुळे हे बऱ्याच जणांना रुचलं नाही. पण कागदावर उतरवणारा माणूस नकळत गाणं ‘सुधारून’ घेतो. गायकाने एक स्वर जरा जास्त धरला तर लिहिणारा म्हणतो, चुकला असेल, चार मात्रांत बसवू. यंत्र असलं काही करत नाही. जे गायलं ते ठेवतं.

आणि ग्रेंजरला तेच हवं होतं. जोसेफ टेलर नावाचे एक गायक त्याला तिथे भेटले, वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा गळा इतका सुंदर होता की १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या आजही ऐकायला मिळतात, शोधा. टेलर जिथे थांबायचे, जिथे पटकन पुढे सरकायचे, जिथे शब्दाला हेलकावा द्यायचे, ते सगळं ग्रेंजरने १९३७ मध्ये बँडसाठी लिहिताना तसंच्या तसं मात्रांत पकडलं. म्हणून त्या सहा भागांतल्या तिसऱ्यात, ‘रफर्ड पार्क पोचर्स’मध्ये, मात्रांचा आकडा सारखा बदलतो. चार, पाच, मग तीन, पुन्हा पाच. त्यात भर म्हणजे एक चाल पुढे चाललेली असते आणि तीच चाल थोडी मागून दुसरी वाद्यं वाजवत येतात. म्हणजे शेजाऱ्याचं ऐकून वाजवायची सोय नाही, शेजारी वेगळ्याच ठिकाणी असतो.

माझी आजी दळताना ओव्या म्हणायची. तिच्या ओव्या कधी चार मात्रांत बसायच्या नाहीत. जातं जड फिरलं की स्वर लांबायचा, मूठभर दाणे टाकताना मध्येच थांबायचा. लहानपणी मला वाटायचं आजीला तालाचं अंग नाही. टेलर ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, की ताल होता, मी चुकीच्या फूटपट्टीने मोजत होते. असो, विषयावर येते.

या रचनेची पहिली मैफल मार्च १९३७ मध्ये मिलवॉकीला झाली, म्हणजे आमच्याच राज्यात. वाजवणाऱ्यांमध्ये तिथल्या बिअर कारखान्यांच्या बँडमधले वादक होते. आणि झालं काय, तर अवघड मात्रांचे भाग त्यांना बसलेच नाहीत. त्या दिवशी पूर्ण सहा भाग वाजलेच नाहीत. ग्रेंजर चिडला. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय, की शाळकरी मुलांनाही हे जमेल, अडतील ते फक्त संगीतापेक्षा बिअरचा जास्त विचार करणारे मुरलेले व्यावसायिक वादक. काय खवट माणूस! पण मला ती गोष्ट ऐकून बरं वाटलं. पोटापाण्यासाठी वाजवणारेही तिथेच अडकले होते जिथे मी अडकत होते.

आमचा कंडक्टर हायस्कूलमध्ये शिकवतो, शांत माणूस आहे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, “दहा आठवडे आहेत. सातव्या आठवड्यापर्यंत तिसरा भाग उभा राहिला नाही तर मिलवॉकीवाल्यांसारखा आपणही गाळू. लाज नाही त्यात.” त्यानंतर आजोबांनी माझ्याकडे वळून हळूच एक गोष्ट सांगितली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं संधिवाताने वेळेवर मिटत नाहीत. सेकंड क्लॅरिनेटवर आम्ही दोघंच. “पळते स्वर तू घे. लांब स्वर आणि मोजणं माझ्याकडे. हे मी कॉलेजात असताना वाजवलंय, मला पुन्हा एकदा पूर्ण वाजवायचंय.” म्हणजे लपायला जागा उरली नाही. मी हवा न मारता बोटं नाचवली असती, तर ती जागा रिकामीच राहिली असती.

आता रियाजाबद्दल.

पहिले दहा दिवस मी क्लॅरिनेट उघडलंच नाही. जे तोंडाने म्हणता येत नाही ते बोटाने येणार नाही, हे पथकात ताशा शिकताना दादा लोकांनी डोक्यात भरवलं होतं, आणि मी ते विसरले होते. पाच मात्रांचा बार म्हणजे सलग पाच ठोके नव्हेत. तो दोन अधिक तीन असतो किंवा तीन अधिक दोन. कुठला, ते नोटेशनमध्येच दिसतं, कारण स्वरांच्या काड्या वरून एका दांडीने जोडलेल्या असतात आणि ती दांडी कुठे तुटते ते बघायचं. मग मी दोनसाठी ‘चहा’ आणि तीनसाठी ‘बटाटा’ असे शब्द धरले. च-हा-ब-टा-टा, झाला पाचचा बार. ब-टा-टा-च-हा, हाही पाचच, पण वजन वेगळं. चारला चहा-चहा. तिसरा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत मी चहा-बटाट्यात लिहून काढला आणि ऑफिसच्या जिन्यात पायरीगणिक म्हणत सुटले. एका सहकाऱ्याने विचारलं, हा मंत्र आहे का? मी हो म्हणून टाकलं.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण तुमच्यातले तबला किंवा गाणं शिकलेले इथेच फसतील. मला वाटलं होतं आपल्याला हे सोपं जाणार. झपतालात दोन-तीन-दोन-तीन आहेच, रूपकात तीन-दोन-दोन आहे, आपण विषम मात्रांवर वाढलोय. पण आपला ताल गोल असतो. कितीही लांब गेलात तरी सम परत येते, आणि आपलं अंग तिची वाट बघत असतं. ग्रेंजरच्या त्या भागात सम येतच नाही. पाच, मग चार, मग तीन, रस्ता सरळ पुढे जातो, परत फिरत नाही. माझी मार्चमधली चूक हीच होती. मी मनातल्या मनात आवर्तन पूर्ण करून घेतलं आणि नसलेल्या समेवर आले. हे कळलं तेव्हा गाडीत एकटीच हसले. सहा महिने मी स्वतःला ‘नर्व्हस झालीस’ म्हणत होते, आणि मूळ भानगड मोजण्याची होती. त्यानंतर मी तालासारखं मोजणं सोडलं आणि वाक्यासारखं म्हणायला लागले. वाक्याला सम नसते, पण आपण बोलताना अडखळत नाही.

दुसरी गोष्ट बोटांची. चौथ्या भागात क्लॅरिनेटना पळते स्वर आहेत. मी नेहमीसारखं सुरुवातीपासून वाजवायचे, अडले की पुन्हा सुरुवातीपासून. वीस वेळा. म्हणजे जे येत होतं ते वीस वेळा आणि जे येत नव्हतं ते जेमतेम. हा सगळ्यांचा आवडता मूर्खपणा आहे. २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ पियानोवादकांना शोस्टाकोविचच्या एका कन्सर्टोतले जेमतेम तीन बार दिले, हवा तितका वेळ सराव करा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतलं. कुणी किती वेळ सराव केला, किती वेळा वाजवलं, याचा कुणाचं चांगलं झालं याच्याशी संबंध दिसला नाही. पुढे गेलेले लोक चुकत नव्हते असंही नाही. पण चूक झाली की ती नेमकी कुठे आहे ते शोधायचे, तिथे वेग कमी करायचे, आणि ती जागा बरोबर होईपर्यंत पुढे जायचे नाहीत.

मी शोधलं. अख्ख्या ओळीत मी अडत होते ते फक्त दोन स्वरांच्या मध्ये. क्लॅरिनेटमध्ये मधला ‘ए’ वाजवताना एका बोटाने एक कळ दाबायची असते, बाकी सगळं मोकळं. लगेच वरचा ‘बी’ आला की डावा अंगठा, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं आणि एक करंगळी, अशी आठ बोटं एकाच क्षणी बंद व्हायला हवीत. एक जरी केसभर उशिरा आलं की चिरकतं. क्लॅरिनेटवाले याला ‘ब्रेक’ म्हणतात, आणि तो ओलांडताना प्रत्येकाने कधी ना कधी बदकाचा आवाज काढलेला असतो. यावर जुना उपाय आहे: ‘ए’ वाजवतानाच उजव्या हाताची बोटं खाली बंद ठेवून द्यायची. स्वराला धक्का लागत नाही, उलट ‘ए’ जरा भरदार होतो, आणि उडी मारायला निम्मीच बोटं उरतात. हे मला आजोबांनी पेन्सिलने नोटेशनवर लिहून दिलं, एक कंस काढून. सहावीत बहुतेक शिकवलं असणार, माझं लक्ष ट्रम्पेटकडे असेल.

मग ते दोनच स्वर. नंतर अलीकडचा एक जोडून तीन. पलीकडचा जोडून चार. उलटं शेवटून सुरू करायलाही फायदा होतो, कारण वाजवत पुढे जाताना आपण अनोळखी गल्लीत न शिरता ओळखीच्या घराकडे येत असतो. मेट्रोनोम सुरुवातीला ६० वर, रोज थोडा वर. पण नुसती शिडी चढत राहू नका. मी ९२ वर आठवडाभर अडकले होते. शेवटी तेच स्वर लांब-आखूड, लांब-आखूड असे लंगडत वाजवले, मग उलटं, आखूड-लांब. दोन दिवसांनी सरळ वाजवलं तर १०४ ला बसलं. असं का होतं याचं माझं साधं उत्तर असं, की लंगडताना प्रत्येक जोडीतली एक उडी खऱ्या वेगात होते आणि दुसरीत बोटांना विसावा मिळतो.

अर्धा तासच असेल तर तो कसा वापरायचा? २०१६ मध्ये छापून आलेला एक छोटा प्रयोग नेमका क्लॅरिनेटवाल्यांवरच आहे. दहा वादक होते. काही तुकडे त्यांनी सलग १२ मिनिटं घोटले, काही तुकडे तीन-तीन मिनिटं आलटून-पालटून, एकूण वेळ तेवढाच. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या व्यावसायिक वादकांना आलटून-पालटून केलेलं साधारणपणे सरस वाटलं. दहाच माणसं होती, त्यामुळे याला वेदवाक्य समजू नका. पण मी करून बघितलं: तीन मिनिटं ब्रेकची उडी, तीन मिनिटं चहा-बटाटा, तीन मिनिटं शेवटच्या भागातली धावपळ, पुन्हा पहिल्याकडे. करताना फार वाईट वाटतं. प्रत्येक वेळी परत आल्यावर थोडं विसरलेलं असतं. सलग घोटलं की ‘आलं आलं’ असं वाटतं, आणि मंगळवारी बँडरूममध्ये ते ‘आलं’ गायब असतं. परत परत आठवावं लागणं हाच बहुधा खरा सराव, कारण मैफलीत तुम्हाला तो तुकडा एकदाच, थंडपणे, आठवून वाजवायचा असतो.

फोन आहे हातात तर वापरा. मेट्रोनोम ठीकच, पण सगळ्यात कामाचं ॲप म्हणजे व्हॉइस रेकॉर्डर. स्वतःला ऐकणं हा अपमानाचा कार्यक्रम असतो, मान्य. मला वाटायचं अवघड जागा आली की मी मागे पडते. रेकॉर्डिंग सांगत होतं, की अवघड जागेच्या दोन बार आधीच मी पळायला लागते, भीतीने. म्हणजे दुरुस्ती वेगळ्याच ठिकाणी करायची होती. यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग ०.७५ वर हळू करून सोबत वाजवणंही मजेचं असतं, पण त्यात एक सापळा आहे. आपण तो विशिष्ट बँड पाठ करतो. त्यांचा कंडक्टर जिथे थांबतो तिथे थांबायची सवय लागते. पाचव्या भागात, ‘लॉर्ड मेलबर्न’मध्ये, सुरुवातीला तर ठराविक मात्राच नाहीत, कंडक्टर हात खाली आणेल तेव्हा पुढचा स्वर. तिथे यूट्यूब पाठ केलेल्या आमच्या एका ट्रम्पेटवाल्याने पहिल्या आठवड्यात मार्चमधल्या माझ्या पराक्रमाची बरोबरी केली. मला दुष्ट आनंद झाला, कबूल करते.

आणि एक गोष्ट जी कुठल्या क्लासमध्ये सांगत नाहीत: काय गाळायचं ते आधी ठरवा. चौथ्या भागातली एक ओळ आठव्या आठवड्यातही पूर्ण वेगाने मला येत नव्हती, येणार नव्हती. कंडक्टरला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “प्रत्येक गटाचा पहिला स्वर आणि शेवटचा स्वर वेळेवर दे, मधले जमतील ते दे.” मी पेन्सिलने गाळायच्या स्वरांना कंस केले आणि मग त्या गाळलेल्या ओळीचाही रियाज केला, तितक्याच गांभीर्याने. मार्चमध्ये केलं ते नाटक होतं. हे ठरवून केलेलं काम होतं. कुठे श्वास, कुठे उडी, कुठे पुन्हा पकडायचं, सगळं लिहिलेलं. आजोबा त्या लांब स्वरांनी खालून भरून काढत होते, त्यामुळे भोक दिसत नव्हतं.

एकटीने गाडीत बसून जे कधीच जमलं नसतं ते म्हणजे बाकीच्यांचं ऐकणं. सहाव्या आठवड्यापर्यंत आम्ही सगळे आपापले बार मोजत होतो, ओठ हलतायत, नजर कागदात, आणि आवाज असा, जणू मांडवात चार घरची लग्नं. सातव्या मंगळवारी कंडक्टरने वेगळं केलं. दिवे नेहमीचेच, पण वाद्यं खाली ठेवायला लावली आणि तिसरा भाग सगळ्यांना गायला लावला. पन्नास प्रौढ माणसं, निम्मी बेसूर, ‘ला ला’ करत. दाताचे डॉक्टर भयंकर गातात. पण मागून येणारी चाल त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आली. कोण माझ्या पुढे आहे, कोण मागे, ते कळलं. मग वाजवलं. दोनदा कोसळलो, तिसऱ्यांदा शेवटपर्यंत पोचलो. कंडक्टरने घड्याळाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, “राहू दे. ठेवतो.”

आजोबांनी चष्मा पुसला. काही बोलले नाहीत. मी पण नाही.

मैफल नोव्हेंबरच्या एका शनिवारी झाली, त्याच हायस्कूलच्या हॉलमध्ये, दीड-दोनशे लोक असतील. बाहेर थंडी मी म्हणत होती. थंडीत लाकडी क्लॅरिनेटला तडे जातात म्हणून मी प्लास्टिकचं वापरते आणि त्याची मला लाज वाटायची, हल्ली वाटत नाही. तिसऱ्या भागात बँडच्या एका टोकाला कुणीतरी एक मात्रा आधी घुसलं. या वेळी मी नव्हते! साधारण चार बार आम्ही दोन गटांत होतो. मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती, पण डोक्यात बटाटा-चहा चालू होतं आणि डावीकडून आजोबा पायाच्या बोटाने, बुटाच्या आतल्या आत, मोजत होते. बूट हलताना दिसत होता. आम्ही दोघं जिथे होतो तिथेच राहिलो. पुढच्या मोठ्या जागी सगळे परत भेटले. घरी आईने व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, “छान झालं गं, पण मध्ये जरा गडबड ऐकू आली.” आईच्या कानांना काय सांगणार.

चौथ्या भागातल्या ब्रेकवरून मी तीनदा गेले. दोनदा स्वच्छ, एकदा बदक. छोटं बदक.

रेकॉर्डिंगची लिंक टाकता येणार नाही, कारण त्यात सगळ्यांचे चेहरे आहेत आणि सगळ्यांना विचारलेलं नाही. जोसेफ टेलर आणि ‘लिंकनशायर पोझी’ मात्र दोन्ही ऐका, टेलर आधी. आणि तुमच्याकडे एखादा अडलेला तुकडा असेल, गिटारचा, तबल्याचा, पेटीचा, तर नेमक्या कुठल्या दोन स्वरांच्या किंवा बोलांच्या मध्ये अडताय ते शोधून मला लिहा. ‘सगळंच अवघड आहे’ असं लिहू नका, ते मला माहीत आहे.

परवाच्या मंगळवारी वसंताच्या कार्यक्रमाच्या फाइली वाटल्या. आजोबांनी आमच्या स्टँडवरची फाइल उघडली, चाळली, आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. पहिल्याच पानावर सात मात्रांचे बार आहेत. गाडीचं पेट्रोल बघते आणि बसते.